पुढचं डावं चाक

नोकरीत मी एक गाढवपणा केला, तो आधीच सांगून टाकते. मी पुराव्यात हवा भरली. स्वतःच्या तोंडाने हुकूम देऊन, पंपावर पाठवून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली, तरी ती सकाळ अजून दुपारच्या झोपेत येते. खाडीवर धुकं, धुक्यात अधांतरी तरंगणारे लाल-निळे कंटेनर, आणि मधोमध एक बाई उभी. कडक इस्त्रीचा गणवेश, डोळ्यांवर काळा चष्मा. धुक्यात काळा चष्मा कशाला, हे तिला तेव्हा कोणी विचारलं नाही. विचारण्याची कोणाची टाप नव्हती.

ती बाई म्हणजे मी. सहायक निरीक्षक, आणि डोक्यात भरपूर हवा.

न्हावा शेव्याकडे जाणारा रस्ता आमच्या हद्दीत होता. खारघरचा एक व्यावसायिक बंदरातल्या कामासाठी रोज त्या रस्त्याने जाई. गाडी पांढरी, नवीकोरी. तो मागच्या सीटवर, मोबाईलवर. चालक कोपरखैरण्याचा, मूळ मराठवाड्यातला, पन्नाशीला आलेला. त्या सकाळी गाडी डावीकडे गेली आणि रस्त्याच्या कडेला कोळंबीची पाटी मांडून बसलेल्या एका म्हातारीला लागली. जीव वाचला, पाय मोडला.

मालकाने तिथेच जबाब दिला. चालकाला डुलकी लागली. गाडीत काहीही दोष नाही.

घटनास्थळाचा पंचनामा मी उरकला. हो, उरकला हाच शब्द खरा. गाडी ठाण्यात आणायची होती. आमचे हवालदार वयाने माझ्याहून मोठे, शांत माणूस. ते म्हणाले, "मॅडम, पुढचं डावं चाक बसलंय."

"मग हवा भरून आणा ना! यात विचारायचं काय?"

धडकेत बसलं असेल, असं मी गृहीत धरलं. पंचनाम्यात लिहिलं, चारही टायर सुस्थितीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच आरटीओचे निरीक्षक आले. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायरमध्ये हवा योग्य. का नसेल? आदल्या दिवशीच तर भरली होती!

चालकाची चौकशी मी स्वतः केली. माझ्याच वयाचा माणूस, तरी मी अरे-तुरेवर. खाकीत तेव्हा तसंच बोलायचं असतं असं मला वाटे.

"झोपला होतास?"

"नाही मॅडम. पुढच्या ट्रेलरने ब्रेक मारला, मीही दाबला, तर गाडी डावीकडे खेचली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं."

"गाडी खेचते? बैलगाडी आहे का?"

"चार दिवस पिवळा दिवा लागत होता. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हवा भर आणि चल."

"दिवा गाडीने लावला, खेचलं गाडीने. मग तू काय करत होतास?"

त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाला, "केस करा मॅडम. आजींना लागलंय, मी नाही म्हणत नाही. पण झोपलो होतो असं लिहू नका. वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. झोपणारा ड्रायव्हर म्हटल्यावर मला कोण दारात उभं करणार?"

मी लिहिलं, झोप लागल्याने. अक्षर छान होतं माझं.

त्याला जामीन मिळाला, पण मालकाने कामावरून काढलं. फाईल जवळजवळ बंद झाली होती. तिसऱ्या दिवशी हजेरीनंतर हवालदार टेबलाशी घुटमळले. "मॅडम, नाक्यावरची पंक्चरवाली काहीतरी सांगतेय. एकदा ऐकून घ्या."

नाक्यावरची ही बाई खाडीकाठच्या गावातली. नवऱ्याच्या मागे दुकान तिनेच चालवलेलं. नऊवारीचा काष्टा, हातात टायर उचकटायची पहार. मला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"बाय, तो डायवर चार दिस रोज सकाली माझ्याकडं येत होता. एकाच चाकात हवा भरायला. मी बोलले, वॉलमधून गलतंय, दोन मिनटं थांब, बदलून देते. तो बोलला, साहेब थांबू देत नाय. अन् अपघाताच्या दिशी तर हवा न भरताच गेला."

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुटं? तुमची जीप तर धूल उडवत जाते. हात केला तरी थांबत नाय."

मी तिला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. मागच्या आवारात चिंचेखाली ती पांढरी गाडी उभी होती. तीन दिवस मी तिच्यावरून जात-येत होते. पुढचं डावं चाक पार जमिनीला टेकलेलं, दमलेल्या जनावरासारखं. बाकीची तीन टुमटुमीत. मला ते दिसलंच नव्हतं. काळा चष्मा आवारातही असायचा.

पंच बोलावले, चाकाची अवस्था लिहून घेतली, मगच पंक्चरवालीला हात लावू दिला. तिने थोडी हवा भरली, साबणाचं पाणी केलं आणि वॉलवर, म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्व्हवर ओतलं. क्षणभर काही नाही. मग एक बुडबुडा फुगला, त्यात चिंचेची हिरवी सावली हलली, तो फुटला, दुसरा आला. आणि येतच राहिले, अगदी सावकाश, कोणी झोपेत श्वास घ्यावा तसे. मी टोपी काढून उकिडवी बसले होते. किती वेळ ते मला आठवत नाही.

हवालदार खाकरले. "मॅडम, आणताना हवा आपण भरली होती."

"आपण म्हणजे कोण?"

"मी. तुमच्या हुकमाने."

मालकाला बोलावलं. त्याला शेजारी बसवून हवालदारांनी आवारात दोन चकरा मारल्या, मी मागे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा उजळला. मला तो गॅसवर ठेवलेल्या पातेल्यासारखा दिसला, आत उद्गारचिन्ह. मी म्हटलं, "इंजिन तापलं वाटतं." हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "टायरमधली हवा, मॅडम."

मालक हसला. "हा होय? हा तर आधी चार दिवस लागतच होता. नव्या गाड्यांत असले दिवे लागतातच. टेन्शन नाय घ्यायचं."

"जबाबात तर गाडीत दोष नव्हता."

हसू गेलं. "मीटिंग्ज होत्या हो रोज."

"आणि चालकाचे मिटलेले डोळे कुठून बघितलेत? आरशातून?"

त्याने हातातला मोबाईल खिशात घातला. "मी मोबाईलमध्ये होतो," तो म्हणाला. "धडक बसल्यावर मान वर केली."

पुरवणी जबाब झाला. सदोष गाडी रस्त्यावर आणायला लावल्याबद्दल मालकावरही कारवाई झाली. चालकाच्या कागदातून झोप निघाली. आणि मी माझा अहवाल लिहिला, हवा कोणाच्या हुकमाने भरली तेही त्यात घातलं. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला.

"हे लिहिलं नसतंत तर कोणाला कळलं असतं?"

"हवालदारांना, सर."

मला कडक शब्दांत समज मिळाली. मिळायलाच हवी होती.

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली गाडीची. ती एका बाजूला ओढू लागली, स्टिअरिंग जड झालं, तर आधी खाली उतरून चाकं बघा. आणि एकाच चाकात पुन्हापुन्हा हवा कमी होत असेल तर भरत बसू नका, ती कुठून जाते ते शोधा. दुसरी गोष्ट माणसांची. खोटं बोलणारा दर वेळी गोष्टीत काही ना काही भर घालतो. हा चालक प्रत्येक वेळी तेवढंच, त्याच शब्दांत सांगत होता, आणि मला वाटत होतं, पढवून आलाय.

तो कागदाची प्रत घ्यायला आला तेव्हा मी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि 'अहो' म्हणून माफी मागितली. त्याने प्रत उघडली, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचली, घडी घालून खिशात ठेवली. तरी उठेना. मग जरा लाजून म्हणाला,

"मॅडम, तुमचं सगळं ठीक आहे हो, पण बायको रोज विचारतेय, खरं सांगा, डुलकी लागली होती ना? तिला एक फोन लावता का? माझं ती ऐकणार नाही."