वितळलेलं मीठ आणि नसीमाआपा

भट्टी उघडण्याआधी नसीमाआपा ओढणी प्रयोगशाळेच्या कोटात नीट खोचून घ्यायच्या, "बिस्मिल्ला" पुटपुटायच्या आणि मग आम्हाला दटावायच्या, "लांब व्हा गो. मीठ हाय, पण लोणच्यातलं न्हाय."

आपा कोकणातल्या बोर्ली पंचतनच्या. वडील, भाऊ आखातात नोकरीला गेले. त्या रसायनशास्त्र शिकल्या आणि नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शक झाल्या. मी त्यांच्याच पंचक्रोशीतली, भातशेतीवाल्या घरची, म्हणून मला त्यांना आपा म्हणायची मुभा होती.

आमचं मीठ, म्हणजे क्षारांचं मिश्रण, पाचशे अंशांच्या आसपास पाण्यासारखं पातळ व्हायचं. त्यात कोणता धातू किती विरघळलाय, हे विजेच्या प्रवाहावरून मोजायला आम्ही सिलिकॉनच्या चिपवर केसाहून बारीक इलेक्ट्रोड घडवायचो. त्यावर संरक्षक थर, थरात इवलीशी खिडकी. मिठानं इलेक्ट्रोडला शिवायचं ते तेवढ्यातूनच. पण तापलेलं मीठ तो थर सोलून काढायचं. चिपमागून चिप वाया जायची.

अखेर एकदा आलेख झकास उमटला. मी शोधनिबंध लिहून काढला. माझी पीएचडी त्यावरच अडली होती. आपा पडद्याकडे बघत राहिल्या.

"दर फेरीला प्रवाह वाढतोय. हे मला बरं दिसत न्हाय गो."

त्यांनी चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. थराची कड सुटली होती. मीठ आत शिरून इलेक्ट्रोडच्या जास्त धातूला भिडत होतं, म्हणून प्रवाह फुगत होता.

"निबंध पाठवायचा न्हाय."

मी रागानं गावी निघून गेले. काही दिवसांनी आपा एसटीनं थेट आमच्या अंगणात हजर. आईला म्हणाल्या, "तुमची लेक माझ्यावर रागावलीय. रागवू दे. पण आकडा खोटा होता."

आईनं भाकरी आणि सुकट वाढली. जेवताना आपा मला म्हणाल्या, "मस्कतला लेकीकडं जायचं मी पुढं ढकललंय. थर नव्यानं बनवू. तू एकटी न्हाय."

त्यात वर्ष गेलं. मग एका दुपारी नव्या चिपवर आलेखाच्या रेषा एकीवर एक बसत गेल्या, पुन्हा पुन्हा त्याच जागी. मी पडद्याकडे बघत होते आणि आपा माझ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता पाठव," एवढंच म्हणाल्या.

यंदा आपा गेल्या. बोर्लीच्या घरी मी बायकांत बसले होते, तेव्हा मस्कतहून आलेल्या लेकीनं विचारलं, "अम्मी प्रयोगशाळेत नेमकं करायची काय?"

मी तिला त्या फसव्या आलेखाची हकिगत सांगितली. ती ओल्या डोळ्यांनी हसली.

"म्हंजे अम्मी खोटं पकडायची?"

"व्हय. आधी स्वतःच्याच आकड्यांतलं."

तिनं माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.