काकूंचं ‘नाय’ आणि अविनाशरावांची नोकरी

कर्जत-खालापूरकडे भरदुपारी इस्त्रीचा शर्ट घालून फिरणारा माणूस फार्महाउससाठी जमीन शोधत असतो, असं मी धरूनच चालते. भिसेगावच्या आमच्या वाचनालयात अविनाशराव पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन बसले, तेव्हाही मी तेच धरलं. “सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हल्ली घरून काम करतो,” ते म्हणाले. मी बँकेतून निवृत्त झाले आहे. अशा उत्तरांनी माझं समाधान होत नाही.

पगार भरभक्कम होता, हे खरं. पण डबा उघडला की फोन वाजे. त्यांच्या पत्नी सुलभाताई एकदा म्हणाल्या, “लेकीच्या लग्नात यांच्या एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात फोन होता.”

एके दिवशी ते खालापूरजवळच्या गावी आपल्या काकूंकडे निघाले. जमिनीचाच व्यवहार असणार, म्हणून मीही मुद्दाम गाडीत बसले. निघालं वेगळंच. कंपनीने शेतकऱ्यांसाठी बोलणारं ॲप केलं होतं आणि अविनाशरावांना ते तपासायचं होतं. त्यांनी फोन काकूंसमोर धरला. फोनने विचारलं, “तुमच्या जमिनीची माहिती इतर कंपन्यांना द्यायला संमती आहे का?”

“नाय,” काकू म्हणाल्या.

“संमतीबद्दल धन्यवाद.”

“अगं मेले, नाय म्हटलं ना मी!”

पुन्हा धन्यवाद.

“अविनाश, बहिरी हाय का रं ही बया?”

“बहिरी नाही, काकू. तुमचं ‘नाय’ तिला ‘हाय’ ऐकू येतंय.”

परतताना अविनाशरावांनी गाडीतूनच कंपनीतल्या साहेबांना ही चूक कळवली. स्पीकरवर साहेबांचा आवाज आला. “लाँच थांबणार नाही. दुरुस्ती नंतर करू. तू फक्त ओके दे, प्रमोशन तुझंच आहे.”

“काकूंचा नकार कळेपर्यंत माझं ओके मिळणार नाही.”

“चार खेड्यांसाठी?”

“हो, चार खेड्यांसाठी.”

माझा तरीही विश्वास बसला नाही. बाहेर तत्त्वं सांगून आत सही करणारे मी बँकेत पुष्कळ पाहिले आहेत. मी वाट पाहिली. अविनाशरावांनी ओके दिलं नाही, राजीनामा दिला. ती चूक पुढे सुधारली, असं कंपनी सांगते. कंपनी सांगते, एवढंच मला माहीत आहे.

आता कुणाच्या फोनने काही विचारलं, की तो माणूस वाचनालयात येतो. अविनाशराव त्याला आधी ‘नाही’ कुठे लिहिलंय ते दाखवतात. सुलभाताई म्हणतात, “हल्ली जेवताना ‘मीठ कमी आहे’ म्हणतात हो! पूर्वी कळायचंच नाही.”

यंदा त्यांच्या साठीचा मुहूर्त साधून त्याच कंपनीने ‘नीतिमूल्य सल्लागार’ म्हणून परत बोलावलं, पूर्वीपेक्षा मोठ्या पगारावर. मी सरळ विचारलं, “काय सांगितलंत?”

“काकूंच्या भाषेत उत्तर दिलं. या वेळी नीट ऐकू गेलं त्यांना.”

अविनाशरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. कंपनी पुन्हा विचारणार, याविषयी मला शंका नाही.