फाटकातून दिलेली हाक

मागच्या रविवारी फोनवर थोरल्या नातीने विचारलं, जिथे गवतसुद्धा उगवत नाही अशा डोंगरासाठी दोन देश लढायला का उठतात? तिला कॉलेजात त्यावर लिहायचं आहे. धाकट्याला वेगळंच पडलं होतं. आजी कुणाच्याही घरी गेली की फाटकापासूनच का ओरडते, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच उन्हाळ्यात मिळालं. ते फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून लिहिते आहे.

तेव्हा आम्ही लखनौला होतो. तुमचे आजोबा बँकेतून निवृत्त झाले होते आणि नागपूरला परत जायचं की इथेच राहायचं, हा वाद आमच्या घरात बारमाही चालू असायचा. लेक, म्हणजे तुमची आई, लग्न होऊन लखनौच्याच छावणीत राहायला आली आणि वाद आपोआप थांबला. जावई पायदळात कॅप्टन होते. आम्ही सुखात होतो. रविवारी ती दोघं जेवायला यायची, आजोबा जावयाला पत्त्यांत हरवायचे, आणि जावई मुद्दाम हरतात हे आजोबांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मे महिन्यात सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या आणि पलटण रेल्वेने उत्तरेकडे गेली. बायकामुलं छावणीतल्या क्वार्टरांमध्ये मागे राहिली. लेकीला सातवा महिना लागत होता. मी दोन बॅगा भरून तिच्याकडे राहायला गेले.

आता डोंगराचं. मी बरीच वर्षं इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा पुढ्यात नसला तर मला कुठलीही बातमी समजत नाही. आजोबांनी हज़रतगंजच्या बाजारातून घेतलेला एक मोठा परदेशी अ‍ॅटलास घरात होता, तो मी छावणीत नेला. जेवणाच्या टेबलावर उघडला, तर काश्मीरच्या पानावर निळा शिक्का. यात दाखवलेल्या सीमा बरोबर नाहीत, अशा अर्थाचा. बाहेरून येणाऱ्या नकाशांवर तसा शिक्का मारतात, हे मला माहीत होतं. वर्गात मी मुलांना तो गमतीने दाखवतही असे. पण कुणी घाईघाईने मारलेला हा शिक्का नेमका त्या डोंगरांवर बसला होता.

लेकीने मागून वाकून पाहिलं. "कुठे आहेत ते, आई?"

"या शिक्क्याखाली कुठेतरी."

ती हसली नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. त्या भागात दोन सैन्यांमध्ये एक रेषा आहे. ती कागदावर दोघांनी मिळून आखली, पण माझी जमीन इथे संपते असं मनातून कुणीच मानलं नाही. शिखरांवर थंडीत माणूस तगत नाही. म्हणून हिवाळ्यात दोन्हीकडचे लोक खाली उतरायचे आणि बर्फ वितळलं की आपापल्या चौक्यांवर परत जायचे. त्या वर्षी आपले लोक वर निघाले, तर तिथे दुसरेच बसलेले होते. आणि त्या शिखरांवरून लेहला जाणारा, सैन्याची रसद नेणारा रस्ता दिसतो. तू विचारतेस, उघड्या डोंगरासाठी का? डोंगरासाठी नव्हे गं. डोंगरावरून काय दिसतं, त्यासाठी. आणि एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने घेतली, तर पुढच्या हिवाळ्यात खाली उतरायची हिंमत कोण करेल, त्यासाठी.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दोन्ही देशांनी अणुस्फोट केले होते. तेव्हा आमच्या गल्लीत मिठाई वाटली गेली होती, आणि आमच्या घरी आलेले लाडू मी डब्यात ठेवले होते. वर्षभराने तेच लोक अमीनाबादच्या बाजारातून मेणबत्त्या आणि पिठाची पोती आणत होते. भाजीवाला मला विचारायचा, "माताजी, बम लखनऊ पे गिरेगा क्या? यहाँ तो छावनी है." मी त्याला शिक्षिकेच्या आवाजात सांगायची, असं काही होत नसतं भैया. घरी येऊन मोरीतल्या बादल्या पाण्याने भरून ठेवायची. पाण्याने अणुबॉम्बचं काय होणार होतं, मला विचारू नका. भरलेली बादली दिसली की बरं वाटायचं.

छावणीतली भीती मात्र वेगळी होती. तिथे बॉम्बचं कुणी बोलत नव्हतं. तिथे सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे. वरून फोन क्वचित यायचा, आणि आला तर त्याचा अर्थ माणूस बरा आहे. वाईट बातमी फोनवर देत नाहीत. ती द्यायला माणूस घरी येतो. पलटणीच्या मुख्य साहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळ्या जणी मॅम म्हणत, त्या सोबत कुणी वयस्क बाई घेऊन येत. जूनच्या सुरुवातीला त्या शेजारच्या गल्लीत अशा एकदा गेल्या होत्या. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण त्या दिवसापासून दुपारी रस्त्यावर दोन बायका एकत्र दिसल्या की पडदे हलायचे.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

लेकीचं डोहाळजेवण करायचं मी ठरवलं. ती नको म्हणाली. "ते तिथे, आणि मी इथे फुलांचे दागिने घालून बसू?" आजोबा म्हणाले, "बाळाने काय कुणाशी युद्ध पुकारलंय? त्याचं जेवण का बंद?" ते ऐकून ती तयार झाली. मी अमीनाबादहून हिरवी साडी आणि हिरव्या बांगड्या आणल्या. आणि बोलावणं करायला निघाले.

आपल्याकडे असं बोलावणं निरोपावर करत नाहीत. कुंकवाची कोयरी घेऊन स्वतः दारात जायचं, घरच्या बाईला हळदकुंकू लावायचं आणि या म्हणायचं. एकटीने जाऊ नये, बरोबर एक सवाष्ण असावी, असं आमच्या आईचं शिस्तीचं सांगणं. मॅम स्वतःहून म्हणाल्या, "आंटी, मैं चलती हूँ. एक बार तो किसी अच्छे काम के लिए किसी के घर जाऊँ." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. त्यांनाही.

भर दुपार, लू म्हणजे उत्तरेतला तापलेला वारा वाहत होता. त्यांनी पांढरी चिकनकारीची साडी नेसली होती, मी मोतिया रंगाची. कोयरी उन्हाने तापू नये म्हणून मी पदराखाली धरलेली. पहिल्या घराचा पडदा हलला आणि पुन्हा पडला. मला वाटलं, झोपल्या असतील, परतताना येऊ. पुढच्या गच्चीवर एक बाई कपडे काढत होती. आम्हाला पाहून ती हातात चादर घेऊन तशीच उभी राहिली. मी हसून मान हलवली. ती हसली नाही. मला ती उद्धट वाटली.

तिसऱ्या घरी हरियाणाची एक नवी नवरी राहायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही पायरी चढलो, तशी दाराची कडी आतून लागली. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "मैं घर पे नहीं हूँ."

मला हसूच आलं. मी पुन्हा वाजवलं.

"कह दिया ना, मैं घर पे नहीं हूँ. किसी और के यहाँ जाइए."

मी मॅमकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा दंड धरला. "आंटी, हे भगवान. इन्हें लगा है कि हम..." पुढचं मला कळलं. मागे पाहिलं, तर गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांमध्ये बायका उभ्या होत्या, आणि आम्ही कुठल्या दारात थांबलो ते पाहत होत्या.

मला शाळेत मिशनच्या बायकांनी शिकवलं. मोठ्याने बोलणं हे त्यांच्या दृष्टीने चोरीच्या बरोबरीचं होतं. मी जन्मात कधी रस्त्यावर ओरडले नव्हते. त्या दुपारी पदराखालची कोयरी वर धरून मी गल्लीच्या मधोमध ओरडले, "गोद भराई है! मेरी बेटी की गोद भराई है! खाने का बुलावा है!"

कडी निघाली. ती मुलगी बाहेर आली नाही, उंबऱ्यातच बसली. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि ते घामाने भुवईपर्यंत ओघळलं.

डोहाळजेवणाला सगळ्या आल्या. त्या मुलीने सगळ्यांच्या देखत माझी नक्कल केली, पदराखाली वाटी धरून, मान ताठ करून. "आंटी तो यमराज की मौसी बन के आई थीं." बायका हसून लोळल्या. मग ती गंभीर झाली. "हँसी की बात नहीं है. अब से नियम बना लो. खबर अच्छी हो तो गेट से ही चिल्लाओ. जो चुपचाप अंदर आए, समझ लेंगे." मॅमनी मान डोलावली. हसणं तिथेच थांबलं.

झाकलेल्या दोन वाट्या लेकीपुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. ती बराच वेळ हात लावेना. माझ्या कानात म्हणाली, "आई, झाकलेलं काही उघडावंसंच वाटत नाही गं." शेवटी तिने एक उघडली. बर्फी निघाली.

नियम सगळ्यांनी पाळला. दूधवालाही गेटवरून "अच्छी खबर, दूध आया" असं ओरडायला लागला. मुलांना तो खेळ झाला. बायकांना मात्र तो खेळ नव्हता. प्रत्येक पावलाबरोबर आम्ही हाकेची वाट पाहायचो, आणि हाक येईपर्यंतचा वेळ मोजवत नसे.

मग एका सकाळी मी खिडकीशी बसून डाळ निवडत होते. लेक आत पडली होती. खिडकीतून मला मॅम येताना दिसल्या. बरोबर आणखी एक वयस्क बाई. त्या फाटकापाशी आल्या. मी हाकेची वाट पाहिली. त्यांनी कडीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, मिटलं. फाटक उघडून त्या आत आल्या. हाक नाही.

मी उठले आणि दाराला कडी घातली. का, ते विचारू नका. कडी लावून दाराला पाठ टेकवून उभी राहिले. दारावर थाप पडली. माझ्या तोंडून निघालं, "घर में कोई नहीं है."

लेक पलंगावरून उठून आली होती. एक हात पोटावर, एक भिंतीवर. तिने मला बाजूला केलं आणि दार उघडलं.

मॅम म्हणाल्या, "ज़ख़्मी हैं. जाँघ में छर्रे लगे हैं. श्रीनगर के अस्पताल में हैं, होश में हैं. मैं गेट पर सोचती रह गई कि इसे अच्छी खबर कहूँ या..."

लेक तिथेच, दाराच्या चौकटीला धरून, त्यांच्यावर चिडली. इतक्या मोठ्या बाईवर. "ज़िंदा हैं ना? तो मैम, चिल्लाया क्यों नहीं?"

मॅम रडायला लागल्या. मग त्या तशाच मागे फिरल्या, फाटकापर्यंत गेल्या, आणि गल्लीतल्या खिडक्यांकडे तोंड करून भरल्या आवाजात ओरडल्या. "अच्छी खबर है."

खिडक्यांमधल्या बायका ऐकत होत्या. आमच्यापुरती ती खरी होती. त्यांना आपापल्या हाकेची अजून वाट पाहायची होती.