मामीची जपानी फौजदारीण

जपानी भाषेचा एक शब्द येत नसताना अख्ख्या जपानचं पोलीस खातं घरबसल्या चालवणारी बाई या भूतलावर एकच होऊन गेली, आणि ती माझी धाकटी मामी. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य थाळ्यांच्या अलीकडे तिची खानावळ होती. दुर्बिणीवर कामाला येणारे देशोदेशीचे पाहुणे तिच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन नाकडोळे पुसत उठायचे. दोन हजार सालाच्या आसपास अशीच एक जपानी बाई काही महिने राहून गेली. तिला मराठीतले दोनच शब्द यायचे, ‘मामी’ आणि ‘अजून’. मामीच्या मते खानावळीला एवढी भाषा पुष्कळ झाली. जाताना त्या बाईने मामीला एका पोलीस मालिकेच्या सीड्यांचा, मामीच्या भाषेत शीड्यांचा, डबा भेट दिला, मामीने तिची खणानारळाने ओटी भरली, आणि दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत पोटभर रडल्या.

त्या मालिकेतली नायिका म्हणजे एक बुटकीशी, आखूड केसांची पोलीस इन्स्पेक्टर होती. मामी तिला फौजदारीणबाई म्हणायची. ऊन असो की पाऊस, फौजदारीणबाईंच्या हातात पिवळी छत्री. खून झालेल्या घरात शिरताना त्या आधी बूट काढून उंबऱ्याशी नीट जोडून ठेवायच्या, प्रेताला वाकून नमस्कार करायच्या, मग तिथेच बसून पिशवीतलं उकडलेलं अंडं सोलून खायच्या आणि एक डोळा मिटून विचार करायच्या. सगळे पुरुष अधिकारी त्यांच्यावर खेकसायचे आणि शेवटी त्यांच्याच मागे मान खाली घालून चालायचे. मामी या बाईवर लुब्ध होती. “मयताच्या घरीबी चपला भाईर काढती. लई संस्काराची हाय,” ती कौतुकाने सांगायची. अंड्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणायची, “उपाशीपोटी का कुनाला चोर गावतो?”

दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतल्या बाया खानावळीत जमायच्या. मामी पदर खोचून टीव्हीशेजारी उभी राहायची आणि एकेका पात्राचं बोलणं मराठीत सांगायची. ती चाचरली आहे किंवा अडली आहे असं कधी झालं नाही. फौजदारीणबाईंचा वरिष्ठ सारखा कुरकुर करायचा म्हणून मामीने त्याला त्यांचा दीर करून टाकला होता, आणि बाया त्या दिरावर मनापासून दात-ओठ खायच्या. ऐन रंगात वीज गेली तरी मामी थांबत नसे. काळ्या पडद्याकडे बघत ती तपास पुढे नेई, आणि तासाभराने वीज आली की तिने तुरुंगात धाडलेला माणूस पडद्यावर मजेत सायकल चालवताना दिसे. “जामिनावर सुटलाय मेला,” मामी म्हणायची.

खरी गंमत पुढेच होती. मालिका तीच, शीड्या त्याच, पण गोष्ट दर वेळी वेगळी. गावात कुणी सासूला उपाशी ठेवलं की त्या आठवड्यात जपानातला खुनी हटकून सासूला उपाशी ठेवणारा निघायचा. कुणी दारू पिऊन बायकोवर हात टाकला, तर फौजदारीणबाई छत्रीचं टोक खुन्याच्या छातीला लावून असं काही सुनवायच्या, की त्या माणसाची बायको मान वर करून घरी जायची. गावातले पुरुष मामीच्या मालिकेला तंटामुक्ती समितीपेक्षा जास्त घाबरत.

हळूहळू फौजदारीणबाई मामीच्या अंगातच आल्या. नारायणगावच्या बाजारात ती टोमॅटोवाल्यासमोर एक डोळा मिटून उभी राहायची, आणि तो बिचारा न विचारताच खालचे मऊ टोमॅटो बाजूला काढायचा. एकदा खानावळीतलं दही नाहीसं झालं. मामीने जेवायला बसलेल्या सगळ्यांना, त्यात दोन शास्त्रज्ञही होते, भिंतीशी रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या मिशा न्याहाळल्या आणि शेवटी मामांसमोर येऊन थांबली. मामांनी मिशीवरचं दही पुसलं. मला एवढंच म्हणाले, “खून केला आस्ता तर निदान वकील तरी मिळाला आस्ता.”

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो, म्हणजे सगळ्या जगाला शहाणं करायचा मक्ता माझ्याकडेच होता. मी एकदा म्हणालो, “मामी, तुला जपानी कळत नाही, मग तू हे सांगतेस कसं?” तिने भाकरी थापता थापता खिडकीतून दिसणाऱ्या थाळ्यांकडे बोट केलं. “भाचेबुवा, त्या थाळ्या आभाळातलं ऐकत्यात. त्यान्ला कुठं आभाळाची भाषा येती? तरी सायेब लोक आर्थ काढत्यातच ना? मग जपान तर लईच जवळ हाय.” विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने भाकरीचं ताट पुढे ओढलं.

खानावळीत पोळ्या लाटायला सुमन नावाची एक बाई होती. नवरा अकाली गेलेला, पदरात एक मुलगी. शेजारच्या गावात तिचं माहेर, आणि त्या माहेरावर तिचा भारी जीव. वडील वारले आणि दिवसकार्य होऊन थोडे दिवस जातात न जातात तोच तिचा भाऊ साडी आणि पेढे घेऊन खानावळीत आला. दुसऱ्या दिवशी जुन्नरला जाऊन हक्कसोडीवर सही करायची होती. आमच्याकडे बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात दर दिवाळीला माहेरची साडी नेसायची, ही रीतच आहे. भाऊही वाईट नव्हता, रीतीतलाच होता. सुमनच्या डोळ्यांपुढे मात्र दोन्हीकडून विहीर होती. सही केली तर मुलीच्या नावाने टेकायला वावराचा तुकडा उरणार नव्हता, नाही केली तर माहेराचं दार बंद. “मामी, काय करू?” एवढंच ती सकाळपासून विचारत होती. मामी म्हणाली, “दुपारी बघू,” आणि दुपारी तिने नेमकी सहावी शीडी लावली.

त्यात एका टेबलाशी एक बाई रडत बसलेली आहे, समोर कागद आहे आणि फौजदारीणबाई तिच्याजवळ वाकून काहीतरी हळू बोलताहेत, असा प्रसंग होता. बाजूला उभा असलेला माणूस मामीने त्या बाईचा भाऊ ठरवून टाकला. सुमन लाटणं हातात धरूनच पुढे येऊन बसली. त्या वेळी मी पुण्याहून नवा प्लेअर आणला होता आणि रिमोट कसा वापरायचा हे दाखवण्याची मला फार हौस. आवाज वाढवायला म्हणून मी एक बटण दाबलं आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं उमटली. फौजदारीणबाई वाकल्या. मामी गंभीर आवाजात म्हणाली, “बाई सांगती, पोरी, सही करू नगं.” आणि खाली स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं की कृपया इथे सही करा.

माझा चेहरा पडलेला सुमनने पाहिला. “भाऊ, खाली काय लिवलंय?” सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या.  मी तोंड उघडणार तेवढ्यात मामी कडाडली, “त्याला काय इचारतीस? खालचं लिवणारा हाय इंग्लंडचा. त्याला कुठलं आलंय जपानी? तू बाईच्या तोंडाकडं बघ.” सुमनने बघितलं. मीही बघितलं. आणि खरं सांगतो, त्या बाईंच्या डोळ्यांत एवढी माया होती की मलाही ते सही करा म्हणणारे डोळे वाटेनात.

दुसऱ्या दिवशी भाऊ जीप घेऊन आला तेव्हा सुमन दारातच उभी राहिली. “दादा, साडी नगं मला. माझ्या लेकीसाठी माझा तुकडा राहू दे.”  मामी तिच्या मागे पिवळी नाही पण मामांची काळी छत्री टेकवून उभी होती. भाऊ पेढे तिथेच ठेवून निघून गेला, आणि त्या दिवाळीला खरोखरच माहेरचं बोलावणं आलं नाही. भाऊबीजेला मामीने मामांना आंघोळ घालून पाटावर बसवलं आणि सुमनला हाक मारली, “ये, ओवाळ ह्यांना.” ओवाळणीत मामीने स्वतःची ठेवणीतली साडी घातली. पुढे दर वर्षी सुमनचं माहेर त्या खानावळीतच भरलं. निघताना ती म्हणे, “येते, मामी,” आणि समोरच तर राहायची!

मामीच्या आवडीचा भाग शेवटचा. त्यात फौजदारीणबाईंची बदली होते आणि त्या घराच्या दारात उभ्या राहून बूट घालतात, छत्री उचलतात, मागे वळून एकच वाक्य बोलतात. बाकी गोष्टी दर वेळी बदलणारी मामी हे वाक्य मात्र कधी बदलत नसे. “बाई म्हनती, जाऊन येते.” नारायणगावच्या दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा मामीने चपला घालताना आमच्याकडे वळून हेच म्हटलं होतं. ती परत आली नाही.

तेराव्यानंतर सुमनने मला तो भाग लावायला सांगितला. तोवर खानावळ तीच चालवू लागली होती आणि तिच्या वाटणीच्या वावरात टोमॅटो उभा होता. दाराचा प्रसंग आला. इंग्रजीत खाली लिहिलेलं होतं, मी चालले. ते मी सुमनला वाचून दाखवलं नाही. पुढे पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना मी ते वाक्य ऐकवलं. त्या म्हणाल्या, “तिकडे घरातून निघताना असंच म्हणतात. शब्दशः अर्थ म्हणजे, जाऊन येते.”

मी तिथूनच सुमनला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे तिने कुणाला तरी चुलीवरची भाकरी बघायला सांगितलं. मग म्हणाली, “मामी म्हनलीच व्हती, भाऊ. त्या खालच्याला जपानी येत न्हाई.” आणि तिला हुंदका आवरेना.