विमानाची पाठवणी

"एकशे वीस रत्तल. बसणार का?"

कुणी नवा माणूस समोर आला, की आमचे शेठ त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळायचे, मनाशी काहीतरी जुळवायचे आणि नावगाव विचारण्याआधी त्याचं वजन सांगून मोकळे व्हायचे. पाठोपाठ तो प्रश्न. माणूस गवताचा भाव विचारायला आलेला असो नाहीतर कचेरीतला पट्टेवाला असो, शेठांना त्याचं काही नव्हतं. बसायचं म्हणजे कुठे, हे ज्यांना ठाऊक नसायचं ते बिचारे ओसरीवर घोंगडी शोधायचे.

बसायचं ते विमानात.

शेठांचा धंदा गवताचा. एक वखार मुरबाडला, दुसरी शहापूरला. पावसाळा सरला की डोंगरउताराचं गवत कापायचं, गठ्ठे दाबायचे आणि गाड्या जुंपून कल्याणला धाडायचे. तिथून ते मुंबईच्या तबेल्यांत जायचं. मी मुरबाडच्या वखारीत काट्यावर कारकून होतो. ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. त्या दिवसांत पैसेवाला माणूस फार तर मोटार घ्यायचा. आमच्या शेठांनी पस्तिशी उलटल्यावर मुंबईला जाऊन विमान चालवायचं शिकून घेतलं आणि कुणा साहेबाचं जुनं, दोन जागांचं विमान विकत घेतलं. मोटार घेतली असती तर लोक जळले असते. विमान घेतल्यावर लोकांना त्यांची कीव आली.

माळ कापून झाला की वखारीमागची जमीन अशी सपाट व्हायची की विमान उतरायला तीच पुरे. बाजाराच्या दिवशी सकाळी कल्याणच्या अंगाने घुर्र आवाज यायचा आणि निम्मा बाजार टोपल्या टाकून माळावर धावायचा. विमानाला वर छप्पर नव्हतं. पुढच्या खड्ड्यात पाहुणा, मागच्या खड्ड्यात शेठ. पाहुण्याचं वजन आधी कळायला हवं म्हणून ते मला त्याला गवताच्या काट्यावर बसवायला सांगत. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पागोटं सांभाळत बसलेला माणूस. त्यांचा अंदाज दोन-तीन रत्तलांच्या वर चुकलेला मला आठवत नाही.

घ्यायचे मात्र काही नाहीत. कुणी आणा-दोन आणे पुढे केले तर म्हणायचे, "खिशात ठेव. हलका झालास तर मला पुन्हा हिशेब करावा लागेल."

लोक विमानात चढताना वहाणा खाली काढून ठेवत. चाकाला हळदकुंकू लावत. एकाने पंख्यावर नारळ फोडायचा घाट घातला, तेवढा मात्र शेठांनी धावत येऊन थांबवला. बाकी कशाला त्यांनी हसून नावं ठेवली नाहीत. उलट उतरल्यावर वहाणा कुणाच्या कुणाच्या पायात गेल्या की ते भांडण सोडवायला स्वतः बसत.

एकदा एक शेतकरी वरून उतरला तो तणतणतच. "शेट, माझा बांध खाल्लाय त्यानं! वरनं साफ दिसतंय!" शेजारी खाली उभाच होता. तो म्हणाला, मलाही न्या. त्यालाही नेला. तो उतरून सांगू लागला, की खाल्लाय खरा, पण यानंच माझा खाल्लाय. दोघे पुन्हा वर जायला तयार! त्या दिवसापासून शेठांनी कायदा केला, की वर बांधाचं बोलायचं नाही. मला वाटतं, त्या मुलखात पाळला गेलेला तो एकच कायदा असावा.

डोळखांबकडच्या पाड्यावरून एक ठाकर आला होता. दोन दिवस चालून. शहापूरच्या वखारीवर शेठ उतरतात हे त्याने ऐकलं होतं, आणि शेठ होते मुरबाडला. म्हणून तो तसाच डोंगर तुडवत इकडे आला. वर जाऊन आला आणि अवाक्षर न बोलता निघून गेला. मला रागच आला. माणसाने निदान हात तरी जोडावेत. पुढच्या बाजाराला तो पानांत बांधलेलं मधाचं पोळं घेऊन हजर. म्हणाला, "त्या दिशी बोलाया काय सुचलाच नाय." मग मलाच माझी लाज वाटली.

मी स्वतः दोन वर्षं टाळाटाळ केली. आज एकादशी, आज पोट बरं नाही, आज काट्यावर कोण बसणार. शेवटी एके दिवशी शेठांनीच मला पारड्यात बसवलं. वर गेल्यावर पहिली पाच मिनिटं मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो. दोन खड्ड्यांमध्ये बोलायला एक नळी होती, तिच्यातून मागून आवाज आला, "अहो कारकून, उघडा डोळे! तुमचं घर पळतंय!" उघडले. खाली आमचं घर होतं, वाळत घातलेलं माझंच धोतर होतं, आणि माळशेजच्या बाजूला डोंगराची रांग अशी उभी, की मी रामरक्षा अर्धवट सोडली ती सोडलीच.

उतरल्यावर मी विचारलं, "शेठ, तुम्हाला रोज तेच तेच पाहून कंटाळा येत नाही?"

ते म्हणाले, "मी कुठे खाली बघतो? मी आरशात बघतो."

वरच्या पंखाच्या दांडीला त्यांनी एक छोटा आरसा बसवून घेतला होता. त्यात पुढे बसलेल्या माणसाचं तोंड दिसायचं. माणूस पहिल्यांदा डोळे उघडतो ना, तेवढं त्यांना बघायचं असायचं. तुम्हीही हौशी माणसं पाहिली असतील. पण आपली हौस दुसऱ्याच्या तोंडावर बघून भागवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेनासं झालं, आणि एक दिवस कागद आला, की विमान मुंबईला आणून सरकारजमा करावं. आठ दिवसांची मुदत. शेठांनी कागद वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि दिवसभर कुणाचं वजन सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चांगुणाबाईला बोलवा."

चांगुणाबाय आमच्या वखारीत गवत रचायला होती. वैशाखऱ्याजवळच्या एका वाडीची. तिची एकुलती एक लेक येसू नाणेघाट चढून वर दोन कोसांवर दिली होती. दरसाल दिवाळी झाली की चांगुणाबाय डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि सुकट घेऊन घाट चढायची आणि लेकीला भेटून यायची. तीन वर्षांपूर्वी ती आमच्याच गंजीवरून पडली आणि तिचा पाय गुडघ्यातून मोडला. काठी टेकून चालायची, पण घाटाच्या पायऱ्या आता तिच्यासाठी नव्हत्या. येसूच्या पदरात दोन पोरं, सासू अंथरुणाला खिळलेली. तिला खाली कोण पाठवतो? तीन वर्षांत मायलेकींची गाठ नव्हती. धाकटा नातू तर आजीने पाहिलाच नव्हता.

"माझ्या गंजीवरून पडलीस तू," शेठ तिला म्हणाले. "घाटावर विमान उतरवता येईल अशी जागा नाही. पण लेकीच्या घरावरून नेतो. वरून बघशील?"

चांगुणाबायने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ती माला बगंल का?"

"तूही तिला बघशील, तीही तुला बघेल. फक्त घर ओळखता आलं पाहिजे. तिला सांगावा धाड. गुरुवारी, उन्हं वर आली की अंगणात ओल्या पाल्याचा धूर कर म्हणावं."

सांगावा मीठ घेऊन घाट चढणाऱ्या माणसांबरोबर गेला. चूक झाली ती इथे. आपल्याकडे सांगावा म्हणजे काही बंद पाकीट नव्हे. तो ज्या ओसरीवर पाणी प्यायला थांबतो तिथे थोडा सांडतोच. "चांगुणाची येसू धूर करनार, आई इमानातनं बगनार" एवढं वर पोचेपर्यंत त्याचं झालं, "खालच्या आया इमानातनं येनार, समद्यांनी धूर करा."

गुरुवारी शेठांनी टाकी भरली. घाटाची एक फेरी, मग मुंबईचा पल्ला, आणि हाताशी राखायला थोडं. एवढंच पेट्रोल होतं, आणखी मिळण्याची आशा नव्हती. चांगुणाबायला आम्ही काट्यावर बसवलं. पंच्याऐंशी रत्तल. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. चौघांनी उचलून पुढच्या जागेत ठेवली तेव्हा तिने काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही धरा. वर कशाला लागंल?"

पाऊण तासाने विमान परत आलं. शेठ उडी मारूनच उतरले आणि हसत सुटले. "अहो, एक नाही! सात धूर! अख्खं पठार धुरात. मला काही कळेना कुठलं घर कुणाचं. म्हटलं, फुकट गेली फेरी."

"मग?" माझा जीव टांगणीला.

"मग काय, हिनेच नळीतून ओरडून सांगितलं."

चांगुणाबायचं तोंड हसून हसून दुखत असावं, ते मिटतच नव्हतं. "गोधडी गो! माझ्या हातची गोधडी. तांबड्या काठाची. पोरीनं अंगनात पसरलेली. आन् तिच्यावर बारक्याला उभा केलेला, उगडाच! हात हलवीत व्हता." मग ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "वरनं बी नाक माझ्याच घरान्याचं दिसलं."

एवढ्या उंचावरून नाक दिसलं की नाही, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

शेठ मुंबईला निघायच्या तयारीत होते. विमानाचा कातडी टोप चढवला होता. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "बाकीचे धूर कुणाचे गं?"

"आमच्या हितल्याच पोरी की! एक वैशाखऱ्याची, एक पल्याडच्या वाडीची, एक त्या कासारनीची. बाकीच्या तिघींच्या आया मागंच वारल्या."

"आणि या तिघींच्या?"

चांगुणाबायने बाजाराच्या कडेला बोट केलं. तिथे तीन बाया उभ्या होत्या. एक बांगड्यांची पेटी घेऊन, दोघी रिकाम्या हाताने. कुणी काही मागितलं नव्हतं. नुसत्या बघत होत्या.

शेठांनी टोप काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "शेठ, पेट्रोल."

"कारकून," ते म्हणाले, "त्या पोरी वर पाला टाकत उभ्या आहेत."

मग काट्यावर एक-एक करून तिघी बसल्या. दोन फेऱ्यांत मुंबईचं पेट्रोल संपलं आणि तिसरीत हाताशी राखलेलं. कासारीण शेवटी गेली. ती उतरली तेव्हा पंखा आपोआपच थांबला. तिने मुठीत बांगड्या नेल्या होत्या, त्या लेकीच्या अंगणात वरून टाकल्या म्हणाली. फुटल्या असतील, तिलाही ठाऊक होतं. पण लेकीने तुकडे वेचलेले तिने पाहिले होते. शेठ मागे, आता रिकाम्या झालेल्या आरशासमोर बसूनच राहिले होते. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "थांबा जरा. एवढं पुरतं बघून घेतो."

पुढे लढाई संपायच्या आधीच शेठ विषमज्वराने गेले. विमान परत मिळालं नाहीच, आणि मिळालं असतं तरी चालवायला कोण होतं? वखारी विकल्या गेल्या. पण मला ते आजारी अंथरुणावर आठवत नाहीत. आठवतात ते त्या शुक्रवारी सकाळचे.

विमान जमा करायचं तर न्यायचं कसं? पेट्रोलचा टिपूस नाही. शेठांनी सांगितलं, याचे पंख मिटतात. खरंच मिटले, कोंबडीने मिटावेत तसे मागे. मग आमची गवताची गाडी आणली, विमानाची शेपटी उचलून गाडीच्या मागे बांधली आणि बैल जुंपले. कल्याणपर्यंत असंच, तिथून पुढे ट्रकने. आयुष्यभर गवत ओढलेले ते बैल एकदा मागे वळून बघून मुकाट चालू लागले.

नाक्यावर चौघी बाया ताट घेऊन उभ्या होत्या. चांगुणाबायने गाडी थांबवली. काठी टेकत पुढे आली आणि पुढच्या जागेत, जिथे स्वतः बसली होती तिथे, ओंजळभर तांदूळ, नारळ आणि खण घातला. मग दुसरीने, मग तिसरीने. कासारणीने पंख्याच्या दांड्याला हिरव्या बांगड्या अडकवल्या. विमानाची ओटी भरली जात होती. मी कारकून माणूस, मला हसू यायला हवं होतं. मी हात जोडले.

"पाठराखन कोन जातंय हिच्या संगती?" चांगुणाबायने विचारलं. पोर पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरचं कुणीतरी बरोबर जायला हवं, म्हणून.

"मी जातो ना," शेठ म्हणाले. त्यांना न्यायला कल्याणहून भाड्याची मोटार आली होती. ती त्यांनी पुढे धाडून दिली आणि धोतर खोचून पायीच निघाले, विमानाच्या बरोबर, एक हात त्याच्या अंगावर ठेवून.

शेपूट गाडीला बांधलेली, त्यामुळे विमान उलटं चाललं होतं. बैल कल्याणकडे ओढत होते आणि विमानाचं तोंड मुरबाडकडे, आमच्याकडे. वळण येईपर्यंत आम्हाला ते दिसत होतं, बांगड्या वाजत होत्या.

चांगुणाबायने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बगा की, माहेराकडंच बगत चाललीया."