हनुवटीखाली दोन बोटं

१९६२ साली इंदुरात, रामबागेत राहणाऱ्या इंदुमतीचा दिवस घड्याळावर चालायचा. सकाळी साडेसात ते सव्वाआठ आणि संध्याकाळी पाच ते सहा, हा वेळ यशूचा. यशोधरा सहा वर्षांची, जन्मापासून बहिरी. मायलेकी खिडकीशी समोरासमोर बसायच्या, बाजूला ओठांच्या सरावासाठी आरसा. मूकबधिरांच्या शाळेतल्या बहनजींनी बजावलं होतं, "घर में इशारे बिल्कुल नहीं. हाथ चले तो जबान नहीं चलेगी. और भाषा एक ही, हिंदी."

म्हणून या मराठी घरात इंदुमती 'आई' नव्हती, 'माँ' होती. 'आई' म्हणताना ओठ मिटत नाहीत, पोरीला काही कळत नाही. 'माँ' डोळ्यांना दिसतं. पण 'पा' आणि 'बा'सुद्धा तसेच दिसतात. चौदा महिन्यांत यशू 'पा' म्हणाली, 'बा' म्हणाली. 'माँ' एकदाही नाही. त्या एका शब्दासाठी इंदुमतीनं माहेरी जाणं सोडलं होतं, दुपारची झोप सोडली होती.

यशू कंटाळली की डोळे मिटून घ्यायची. मग इंदुमती तिच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून चेहरा वर करायची. हे दिवसातून कितीदा व्हायचं, याची मोजदाद नव्हती.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. दुपारी चारला शेजारची शांता विरजण मागायला आली. दारातून यशूच दिसली, म्हणून तिनं हात हलवून विचारलं, आई कुठाय? यशूनं स्वतःच्या हनुवटीखाली दोन बोटं खुपसून मान झटक्यानं वर केली आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दारात वाळलेले कपडे घेऊन इंदुमती उभीच होती.

"काय भिया, नक्कल तर झकास करते पोरगी!" शांता इंदुरी थाटात बोलून हसली आणि वाटी घेऊन गेली.

इंदुमती आत कोपऱ्यात बसलेल्या सासूकडे वळली. "माई, हे काय होतं?"

"तूच ती," द्वारकाबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या. "आधी कपाळाला बोट लावायची. तुझं कुंकू. दिवाळीपासून हे सुरू केलंय."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत? म्हणजे माझ्यामागे तुमचे हातवारे चालतात!"

"चालतात. तिला कुणाशी तरी बोलायला नको?"

पाच वाजले. यशू आपणहून येऊन बसली आणि बसल्या बसल्याच डोळे मिटले. इंदुमतीचा हात सवयीनं उठला आणि अर्ध्यावर थांबला. पुढे नेण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिनं भिंतीला डोकं टेकलं, मान खाली गेली, डोळे मिटले गेले.

हनुवटीला काहीतरी लागलं. दोन छोटी बोटं. ती तिचा चेहरा वर करत होती. यशू टक लावून पाहत होती.

'माँ'साठी इंदुमतीचे ओठ मिटले. पण आवाज काही तिनं काढला नाही. जड झालेला हात मांडीवरून उचलून तिनं स्वतःच्या कुंकवावर बोट टेकवलं.

यशूनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी रागावत तर नाही ना. मग तिनंही आपल्या कपाळावर बोट टेकवलं.

घड्याळात पाच वीस झाले होते. सहाला अजून चाळीस मिनिटं होती. इंदुमतीनं आरसा पालथा घातला.