सव्वा मुठीचं भांडण

माझे दोन भाऊ, हिलालदादा आणि निंबा, यांचं कशावरून बिनसलं असं कोणी विचारलं की मी सांगते, मुठीवरून. लोकांना वाटतं हाणामारी झाली. हाणामारी परवडली असती, ती एका दिवसात मिटते.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि ते पीठ पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच खाऊन संपवायचं. परक्याला द्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आमचे वडील चिंधाआप्पा गावाकडून सुरतेला आले ते ही रीत सोबत घेऊनच. ते कापडाच्या कारखान्यात लूमवर असायचे, म्हणून मूठ मोजायचा मान थोरल्या हिलालदादाकडे. तो स्वतःच्या नावाची मूठ ऐसपैस भरायचा आणि निंबाच्या नावाची आवळून. निंबा आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा. माझ्याकडे गहू निवडायचं काम. मुलींच्या नावाची मूठ नसतेच, त्यामुळे मला भांडायला जागा नव्हती.

सायकलीचंही तेच. दोघांत एक सायकल. भांडण झालं की हिलालदादा तिची सीट काढून दप्तरात घालायचा आणि निंबा चेन काढून खिशात. सायकल घरी भिंतीला टेकलेली आणि हे दोघे आमच्या भेस्तानच्या रस्त्याने पायी शाळेत, एकमेकांपासून वीस पावलांवर. एकाचं दप्तर फाटलेलं, दुसऱ्याचा खिसा काळाकुट्ट, पण दोघांच्याही माना ताठ.

आप्पा गेल्यावर यांनी घरं वेगळी केली, बोलणं बंद केलं. कानबाईसुद्धा दोन ठिकाणी बसायला लागली, एक दादाकडे भेस्तानला आणि एक निंबाच्या नव्या घरी, सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात. आणि नशीब बघा, दोघेही लूमच्या एकाच कारखान्यात; हिलालदादा दिवसपाळीला ज्या बारा मशिनी चालवायचा, नेमक्या त्याच शेठने निंबाला रातपाळीला दिल्या. पाळी बदलताना मशीन बंद ठेवत नाहीत. कुठली मशीन त्रास देतेय ते जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगावंच लागतं, आणि लूमच्या खडखडाटात सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागतं.

"तीन नंबर दोरा तोडस," हे त्यांचं चार वर्षांनंतरचं पहिलं बोलणं.

कानाला तोंड लावून कधी कोणाला भांडता आलंय? मशीनवरून गोष्ट दादाच्या बायकोच्या, प्रमिलावहिनीच्या गुडघ्यावर आली, तिथून निंबाच्या मुलाच्या, ललितच्या दहावीवर. कारखान्याबाहेर मात्र पुन्हा तोंडं फिरवलेली, कारण इतका जुना अबोला सोडायची दोघांनाही लाज वाटायची. अशी ही दहा-दहा मिनिटांची मैत्री बारा वर्षं चालली. मला एकटीला ठाऊक होतं, कारण दोघेही मलाच येऊन सांगायचे, आणि वर शपथ घालायचे.

यंदा निंबा दादाच्या कानात म्हणाला, "कानबाई एकच बसाडूत." दादाचे डोळे भरून आले. डोळ्यात कचरा गेला असं त्याने मला सांगितलं.

घोळ झाला तो दळणाचा. लहानपणी आपण धाकट्याला फसवलं, आता भरून काढू, असं हिलालदादाच्या मनात आलं. त्याने निंबाच्या नावाने चाळीस वर्षांचे गहू दळून आणले, वेगळे राहत होते ती वर्षंही धरून, आणि मुठीने नव्हे, ओंजळीने. तिकडे निंबालाही आठवलं की वाळत घातलेल्या गव्हातून तो दादाचा वाटा कोंबड्यांना टाकायचा. त्यानेही दादाच्या नावाने चाळीस वर्षांचे दळून आणले. रविवारी दादाच्या घरात देवीपुढे पिठाची दोन पोती उभी राहिली. पीठ उंबऱ्याबाहेर जाणार नाही, म्हणून निंबा बायकोपोरांसह तिथेच राहायला आला. दोन खोल्या, आठ माणसं.

"पीठ उरनं ते समजानं, देवीले आपलं एक होणं मान्य नही," हिलालदादा म्हणाला. "मंग पुढला साल ज्याना त्याना घर." निंबाने मान डोलावली. दोघांचे चेहरे असे पडले की बायकांनी त्याच क्षणी कणीक भिजवली.

सकाळी रोट दुधात, दुपारी गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीशी, संध्याकाळी खिरीशी. चौथ्या दिवशी ललित त्याच्या शाळेतल्या गुजरातीत म्हणाला, "काका, हवे नथी खवातुं," आता नाही खाववत. त्याला पाणी पाजून पुन्हा पाटावर बसवलं. शेजारची पोरं दारात वास घेत उभी राहायची, आणि त्यांना हाकलताना वहिनीला रडू यायचं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी राख्या घेऊन सासरहून, कडोदऱ्याहून आले, तेव्हा सगळे जमिनीवर आडवे होते. पोती रिकामी होती. ताटात शेवटचा एक रोट, आणि त्याच्या दोन बाजूंना माझे दोन भाऊ.

"तू धाकला शेस, तू खाय."

"तू मोठा शेस, तू खाय."

"मी खादा ते माले वाटी, तुले परत फसाडं."

"माले बी तेच वाटी!"

दिवस मावळत आला तरी रोट तसाच. आवाज चढले. शेवटी निंबाने पिशवी उचलली. "मंग जास मी मना घर!"

माझं डोकंच फिरलं. ज्या रोटाच्या मुठीवरून लहानपणी एकमेकांशी भांडले, त्याच रोटापायी आता पुन्हा वेगळे होणार? मी ताट ओढलं आणि तो रोट उभ्या उभ्या खाऊन टाकला. दोघेही ओरडले, "कुसुम! तू परक्या कुळनी!"

"परक्या कुळाची?" मी म्हणाले. "तुमच्या मुठींसाठी गहू कोण निवडायचं? मी चिंधाआप्पाची नाही?"

मला रडू फुटलं, शेवटचा घास अजून तोंडातच. मग हिलालदादाने निंबाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मला हळूच विचारलं, "तुन्या कितला वरीसन्या मुठी ऱ्हायन्या?"

"पंचेचाळीस," मी माझं वय सांगितलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच रिकाम्या पोत्यांकडे हात नेला. मी धावत जाऊन पोत्यांवर बसले.

"एकच मूठ टाका," मी म्हणाले. "पण माझ्या नावाने टाका."